घरचं बियाणं

रजनीनं शेवटची पुडी परातीत उपडी केली आणि दोन्ही हातांनी सगळं धान्य खालून वर, वरून खाली असं कालवलं. कुणाचा तांदूळ, कुणाचं टरफलासकट भात, कुणाची मसूर, कुणाची ज्वारी, सगळं एकमेकांत गेलं. परात टेबलावर खणखणली. पाचवीचा वर्ग बाकांवरून अर्धा उठून बघत होता.

"नाऊ," ती म्हणाली, "कॅन वी काउंट इट?"

वर्गानं एका सुरात नाही म्हणून सांगितलं. रजनीनं मान डोलावली आणि फळ्याकडे वळली. फळ्यावर दोन रकाने होते. डाव्या बाजूला काउंटेबल, म्हणजे मोजता येणारं, आणि त्याखाली गोट्या, लिंबं, केसांच्या पिना. उजव्या बाजूला अनकाउंटेबल, आणि त्याखाली पाणी, मीठ, दूध. त्या ओळीत तिनं मोठ्या अक्षरात राइस लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

पुस्तकातलं पुस्तकात ठेवणं रजनीला कधी जमलंच नाही. दुसरी एखादी बाई असती तर तिनं पान उघडून व्याख्या वाचली असती, पोरांनी ती उतरवून घेतली असती, आणि सगळी सुखानं घरी गेली असती. हिला करून दाखवायची हौस. आदल्या दिवशीच तिनं वर्गाला सांगून ठेवलं होतं, घरून मोजता येईल अशी एक वस्तू आणा आणि मोजता येणार नाही असं काहीतरी मूठभर आणा, घरी जाताना सगळं परत मिळेल. हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्यानं म्हटलं असेल त्याला हौस तरी नसावी किंवा नोकरी तरी.

सोसायट्यांमधल्या पोरांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून शुभ्र तांदूळ आणला होता. गावातल्या पोरांनी घरातल्या पोत्यातलं भात तसंच टरफलासकट उचलून आणलं होतं. आता ते सगळं एकाच ढिगात पडलं होतं आणि रजनी स्वतःवर खूश होती.

"टीचर, माझं परत द्या."

किमया उभी राहिली होती. तिसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची, एरवी हाक मारल्याशिवाय तोंड न उघडणारी.

जाताना सगळ्यांनी मूठ मूठ घेऊन जा, असं रजनीनं हसून सांगितलं. वर्गही हसला.

"मूठ नको. माझंच पाहिजे."

रजनीला जरा राग आला. धडा नुकता कुठे जमून आला होता. अगं, हाच तर मुद्दा आहे, असं काहीसं ती बोलायला गेली आणि मग तिचं लक्ष पोरीच्या हातांकडे गेलं. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. रडत नव्हती. रडली असती तर रजनीला बरं वाटलं असतं.

मधल्या सुट्टीत रजनीनं तिला खिडकीशी घेतलं. किमया तिच्या घरमालकिणीची नात. दोन वर्षं झाली, रजनी आणि तिचा नवरा मनीष नेरे गावात रंभाबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. मनीष हिंजवडीच्या कंपनीत. पोरगी रोज वर-खाली करायची, रजनीच्या स्वयंपाकघरात पोहे खायची. शाळेत मात्र टीचर म्हणजे टीचर. तिच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"ते आजीच्या मडक्यातलं होतं."

रजनीच्या तोंडचं पाणी पळालं.

ते मडकं त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रंभाबाईंच्या आतल्या खोलीत, कोपऱ्यात, लहानसं, तोंड शेणानं लिंपून बंद केलेलं. त्यात घरचं बियाणं. रंभाबाईंच्या सासूनं त्यांच्या हाती दिलेलं भात, त्याला वेगळं नावही नाही, घरचं एवढंच म्हणायचे. कधीकाळी रिहे गावच्या पाहुण्यांकडेही ते होतं, पण त्यांनी पिशवीतलं नवं बियाणं धरलं आणि जुनं मोडून खाल्लं. आता ते फक्त ह्या मडक्यात. रंभाबाईंची बाकीची जमीन तुकड्यातुकड्यानं गेली होती, तिच्यावर टॉवर उभे राहिले होते, आणि सोसायटीची भिंत नि ओढा ह्यांच्या मधोमध एक वावर उरलं होतं. त्याला घरात तुकडाच म्हणत. गेल्या साली सोसायटीच्या गटाराचं पाणी तुकड्यात घुसलं. कसंबसं दोन-तीन मुठी बियाण्यापुरतं हाती आलं. घरात एक दाणा शिजवला नाही, सगळं मडक्यात गेलं.

त्या तुकड्यावर आता बिल्डरचं फाटक व्हायचं होतं. रंभाबाईंचा मुलगा कैलास कधीच हो म्हणून बसला होता. अखितीला, म्हणजे पुढच्याच आठवड्यात अक्षय्य तृतीयेला, भूमिपूजनाचा घाटही घातला होता. अडलं होतं ते म्हातारीच्या सहीवर. ती भांडत नव्हती, रडत नव्हती. कुणी विषय काढला की एवढंच विचारायची, घरात बियाणं असताना वावर मोकळं सोडतं का कुणी? मग सगळे ताटाकडे बघायचे.

"मडकं उघडलं कुणी, किमया?"

किमयानं फळ्याकडे बघितलं. तिथं अजून राइसखाली दोन रेघा होत्या.

"बाबांनी. स्क्रूड्रायव्हरनं. सगळं पिशवीत ओतलं. म्हणाले, हेच ने. आजीला सांगू नको."

रजनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी नेणार नव्हते," पोरगी म्हणाली. "पण तुम्ही म्हणाला होतात ना, सगळं परत मिळेल. मी आजी उठायच्या आत परत भरून ठेवणार होते."

आजी दुपारी झोपायची. पोरीनं सगळा हिशोब नीट बसवला होता. बसला नाही तो बाईंच्या हौसेमुळे, आणि हे रजनीला इतकं स्पष्ट दिसलं की तिला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

शाळा सुटली. परातीला कुणाला हात लावू न देता रजनीनं बाकीच्या पोरांना तसंच घरी धाडलं आणि दोघी मागं राहिल्या. शाळेच्या मावशी धोंडाबाई ह्यांनी एक सूप आणि चाळण दिली, काय चाललंय हे विचारलं नाही. तांदूळ पांढरा, तो निघाला. मसूर, ज्वारी चाळणीतून आणि बोटांनी निघाली. त्याला वेळ लागला, पण ते जड गेलं नाही. मग परातीत उरलं ते नुसतं भात. सगळं एकाच रंगाचं, सगळ्याला तसंच खरबरीत टरफल. रजनीच्या माहेरी, उदगीरकडे, ज्वारी. भात तिनं लग्नापर्यंत पाहिला तो ताटात.

"कसं असतं घरचं?"

"बारीक असतं," किमया म्हणाली. "थोडं आखूड."

थोडं म्हणजे किती? दोघींनी परात मध्ये घेतली आणि आखूड दाणे एका वर्तमानपत्रावर टाकायला लागल्या. पहिल्यांदा वाटलं, जमतंय. मग डोळे सरावले आणि जमेनासं झालं. आखूड म्हणून उचललेल्या दाण्याहून आखूड दाणा परातीत दिसायचा, मग पहिला लांब वाटायचा. किमयानं टाकलेला दाणा रजनी उचलून मागं टाकी, रजनीनं टाकलेला किमया. सकाळी ज्या हातानं मोजता येत नाही म्हणून फळ्यावर ठणकावून लिहिलं, तोच हात आता एकेक दाणा चिमटीत धरून बघत होता. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर कागद उडाला असता. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

बाहेर मोटरसायकल थांबली. चपलांचा आवाज पायऱ्या चढून वर आला.

कैलास दारात उभा राहिला. परात बघितली, कागदावरची रास बघितली, पोरीकडे बघितलं. तो शाळेच्या कमिटीत होता, त्यामुळे शाळेत शिरताना त्याला कुणाला विचारावं लागत नसे. त्यानं किमयाला गाडीपाशी जाऊन थांबायला सांगितलं. ती गेली. जाताना तिनं रजनीकडे असं बघितलं की रजनीनं मान खाली घातली.

"मॅडम, कशाला डोळं फोडून घेताय?"

"दादा, ते बियाणं होतं."

"व्हतं," कैलास म्हणाला आणि पोरांच्या बाकावर बसला. गुडघे त्याच्या छातीशी आले. "तुमची काय बी चूक न्हाई. तुमाला कुटं ठावं व्हतं? मावशीच्या कोंबड्या हायेत न्हवं मागं? त्यांनी खाल्लं म्हणायचं. मिटलं."

मग तो बराच वेळ बोलला, आणि खरं सांगायचं तर खोटं काही बोलला नाही. त्या तुकड्यात भात कमी आणि डास जास्त, म्हणाला. नांगराला माणूस मिळत नाही, लावणीला बाया येत नाहीत, सगळ्या उरवड्याच्या कारखान्यांत जातात. चिखलात आई आणि तो, दोघंच. भिंतीपलीकडचे लोक गॅलरीतून मोबाइलवर त्यांचे फोटो काढतात. गेल्या साली म्हातारी बांधावरून घसरली, गुडघा सुजला, तरी दुसऱ्या दिवशी परत वावरात. कुठवर करायची? मी काय तिचा वैरी हाय का, त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज खरंच दुखावल्यासारखा होता. रजनीला त्याची दया आली. दया आली म्हणून तिला स्वतःचा रागही आला.

"बियाणं न्हाई म्हटल्यावर ती आपसूक मोकळी व्हईल," तो म्हणाला. "तिला बी सुटायचंय. सांगता येईना."

तो उठला. दाराशी जाऊन परत वळला.

"तुमच्या नोकरीचं, परमनंटचं, ह्या मीटिंगला घेतोय बरं का. मी बोललोय समद्यांशी." आणि मग परातीकडे बोट करून, अगदी घरगुती सुरात, "तेवढं कोंबड्यांना टाकून या. मग निवांत घरी या."

मोटरसायकल गेली. रजनीचा हात दगडाखाली सापडला होता. मग तिनं मनीषला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आपण भाडेकरू आहोत, मायलेकांच्या मध्ये आपण कोण? त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले होते, रोज कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. तिला दाखवायची गरजही नव्हती. तुझं परमनंट होऊ दे, मग पुण्य कर, एवढंच तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच तिला फोन आपटावासा वाटला.

तिनं कागदावरची रास परत परातीत लोटली. निवडलेलं काय आणि न निवडलेलं काय, तिला स्वतःलाच खात्री नव्हती. परात कमरेवर घेऊन ती शाळेच्या मागं गेली. धोंडाबाईंच्या कोंबड्या सावलीत पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. परातीचा आवाज ऐकून उठल्या, धावत आल्या आणि तिच्या चपलांभोवती गोळा झाल्या. एक तांबडी कोंबडी तिच्या पायाच्या बोटावरच चोच मारून गेली.

रजनीनं परात तिरकी केली. दाणे कडेपर्यंत सरकले.

भीती वाटत होती. नोकरीची, खोलीची, संध्याकाळी म्हातारीच्या तोंडाकडे बघावं लागेल त्याची. पण ह्या सगळ्याच्या वर एक होतं, की तिनं भर वर्गात सांगितलं होतं, परत मिळेल. मोठ्या माणसाला दिलेला शब्द माणूस मोडतो आणि झोपतोही. पोरीला दिलेला मोडायचा आणि उद्या सकाळी परत तिच्यासमोर खडू धरून उभं राहायचं, हे तिच्यानं होईना. तिनं परात सरळ केली. कोंबड्या तिच्या मागं दारापर्यंत आल्या. तिनं सगळं भात एका कापडी पिशवीत ओतलं आणि पिशवी छातीशी धरून निघाली. काय सांगायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. कोंबड्यांनी खाल्लं, एवढं फक्त म्हणायचं नव्हतं.

घर जवळ आलं तशी तिची पावलं मंदावली. ओट्यावर सगळी होती. रंभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मडकं मांडीत होतं, रिकामं. फुटक्या शेणाच्या कडेवरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं. समोर किमया, खाली मान घालून. कैलास खांबाशी उभा होता आणि बोलत होता. दारात त्याची बायको शुभांगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"ल्हान हाय, आई. तिला काय कळतंय? फोडलं मडकं, नेलं शाळेत. बाईंनी ठेवलं बाजूला, आन् कोंबड्यांनी खाल्लं. आता मारून काय येणार हाय का परत?"

किमयानं वर बघितलं नाही. आपल्या बापानं आपल्यावर घातलेलं ओझं ती निमूट घेऊन उभी होती, आणि ते बघून रजनीच्या अंगाचा तिळपापड झाला. आतापर्यंतची सगळी भीती त्या रागात कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. तिनं पायऱ्या चढून पिशवी रंभाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"कोंबड्यांनी नाही खाल्लं, आजी. सगळं इथं आहे. एक दाणा शाळेत राहिला नाही. पण दुसऱ्या पोरांच्या भातात मिसळलंय. मी मिसळलं. शिकवताना. चूक माझी आहे."

कैलासनं तिच्याकडे बघितलं. परमनंटचं काय व्हायचं ते तिला त्या बघण्यात कळलं.

"आणि ते मडकं," रजनी पुढं म्हणाली, "ते किमयानं..."

रंभाबाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"पण आजी, तिच्यावर उगाच..."

"मडकं कुणी उघडलं ते मला सांगू नगा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते लिंपण मी घातलेलं हाय. पोरीच्या नखानं निघायचं न्हाई, येवढं मला समजतंय. पर तुमी नाव घेतलं की मला बोलावं लागंल. आन् मला ह्याच घरात ऱ्हायाचंय."

शुभांगीनं पदर सोडला. कैलास खांबाकडे बघत राहिला, जणू खांब त्यानं पहिल्यांदाच बघितला होता. रंभाबाईंनी किमयाला हातानं जवळ ओढलं आणि आपल्या शेजारी बसवलं. मग त्यांनी सूप मागवलं.

पिशवी सुपात रिकामी झाली. म्हातारी वाकली. तळहातानं भात पसरलं, एक चिमूट उचलून डोळ्यांजवळ नेली, दुसरी नेली. नाकाला लावली. एक दाणा दातांखाली फोडला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. रजनीला वाटलं, आता ह्या ओळखतील. आयुष्यभर हेच भात हाताळलं, ह्यांना नाही ओळखणार तर कुणाला? तिनं मनात देवाला हात जोडले.

रंभाबाईंनी मान हलवली.

"न्हाई. मला बी न्हाई वळखू येत."

रजनीची आशा मावळली. कैलासनं मात्र मोकळा श्वास घेतला. घेतला तो सगळ्यांना ऐकू गेला. तो आईजवळ येऊन उकिडवा बसला. त्याच्या आवाजात खरंच माया होती. जाऊ दे आता आई, म्हणाला. इतकी सालं जपलंस, तुझ्याकडून कसूर झाली नाही. वर तुझ्या सासूला बी तेच सांग. आता मिसळलं ते मिसळलं. त्यात आपलं कुठलं आणि लोकांचं कुठलं?

"तेच म्हंते मी," रंभाबाई म्हणाल्या. "हितं बसून कळायचं न्हाई. समदं पेरावं लागंल."

"समदं?"

"मंग? आपलं वासाचं हाय. फुलोऱ्याला आलं की वास लपतोय व्हय? तवा एकेक रोप बघायचं. वासाचं त्याला चिंधी बांधायची, त्येवढंच येगळं कापायचं." त्या बोलत होत्या आणि हातानं सुपातलं भात सारखं करत होत्या. "पर एका सालात न्हाई निवळायचं. शेजारचं त्यात मिसळतंय. दुसऱ्या साली परत पेरायचं, परत निवडायचं. तिसऱ्या साली कुटं म्हणता येईल, हे आपलं."

कैलास उकिडवाच राहिला. तीन सालं हा शब्द त्याच्या तोंडावर हळूहळू उतरताना रजनीला दिसला. बियाणं वेगळं होतं तेव्हा अडचण एका सालाची होती, आता तीन सालांची झाली.

"आई, अखितीला ते लोक यायचे हायेत."

"अखिती चांगली. त्याच दिशी तुकड्यात राब भाजून घे. शेण मी साठवलंय, पालापाचोळा बांधावर हायेच. रोपाची जमीन नीट भाजली न्हाई तर तण माजंल, आन् तणात मला निवडायला गावायचं न्हाई."

"आन् त्यास्नी काय सांगू?"

रंभाबाईंनी पहिल्यांदाच मुलाच्या डोळ्यांत बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्याला बरं झालं असतं.

"येऊ देत की. धूर लई व्हईल म्हणावं, जरा लांब उभं ऱ्हावा."

शुभांगी आत वळली. तिचे खांदे हलत होते, हसत होती की काय ते कळलं नाही. कैलास उठला, ओट्यावरून उतरला, चपला घातल्या आणि कुठेच न जाता अंगणात उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं तिथूनच विचारलं, राब पुरता तुकडाभर भाजायचा की वरची कडच नुसती. रंभाबाईंनी सांगितलं, वरची कड पुरे.

मग त्यांनी किमयाला उठवलं आणि फळीवरचं मोठं मडकं काढून आणायला सांगितलं. लहान्यात आता हे मावणार नव्हतं.